टीबीची गोष्ट तांड्याच्या बोलीत



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात एक नवी वस्ती उभी राहते. टोळ्या येतात, कोप्या पडतात, पहाटेच्या अंधारात कोयते चालू होतात. आपला ऊस वेळेवर तुटला आणि काट्यावर गेला की आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. पण त्या कोपीतून रात्री खोकल्याची उबळ ऐकू येते, तेव्हा आपण काय म्हणतो? "थंडीचे दिवस हायेत, पाचटाची धूळ बसली आसंल." कधी ते खरेही असते. पण तोच खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, भाकरी जाईनाशी झाली, अंगावरचे कपडे ढिले पडू लागले, तर ती थंडी नव्हे. तो टीबी असू शकतो.

टीबीवर पुष्कळ पत्रके निघतात. दवाखान्याच्या भिंतीवर ती चिकटवलेली असतात. तरीही रोगी उशिरा येतो, औषध मध्येच सोडतो आणि पुन्हा पडतो. याचे एक मोठे कारण असे की, आपण रोग सांगतो तो पुस्तकाच्या मराठीत, आणि ऐकणारा असतो दुसऱ्याच बोलीचा. म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. टीबी म्हणजे नेमके काय, ही पहिली. आणि तो फडातल्या माणसाला त्याच्या बोलीत कसा समजावून द्यावा, ही दुसरी.

रोग जुना, औषध अलीकडचे

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी याला क्षय म्हणत. क्षय म्हणजे झीज. वैद्यांच्या ग्रंथांत राजयक्ष्मा हे नाव आहे. माणूस दिवसेंदिवस झिजत जातो, एवढेच त्या काळी दिसत होते. का झिजतो, ते कोणाला ठाऊक नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतील डॉ. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात.

जंतू सापडला, पण त्याला मारणारे औषध मिळायला आणखी साठ वर्षे गेली. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात याच रोगाने गेल्या. वय अवघे एकवीस. स्वतः डॉक्टर असूनही उपाय नव्हता, कारण औषधच जन्मले नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ पासून आयसोनियाझिडची गोळी आली, पुढे रिफाम्पिसिन आले. तेव्हापासून टीबी हा बरा होणारा रोग झाला. "टीबी झाला म्हणजे संपलं" ही समजूत औषधाच्या आधीच्या काळातली आहे. औषध आले, पण समजूत मात्र तशीच राहून गेली.

आणखी एक गोष्ट आपल्या देशाने जगाला शिकवली. पूर्वी टीबीच्या रोग्याला घरापासून दूर, मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात ठेवत. १९५६ पासून मद्रास येथे एक मोठी पाहणी झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष आला की, औषध नीट घेतले तर घरी राहूनही रोगी जवळजवळ तितकाच बरा होतो. घरच्यांना होणारी लागणही त्यामुळे वाढली नाही. रोग्याला घराबाहेर काढण्याची काही गरज नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

एवढे असूनही २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक दगावले. रोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक आपल्या भारतातले होते. औषध फुकट मिळत असताना माणसे का मरावीत? प्रश्न इथेच आहे.

उसाच्या भाषेत टीबी

हा रोग आपल्याला उसावरून चांगला समजेल. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो. तांबेरा वाऱ्याने येतो. टीबी हा तांबेऱ्यासारखा आहे, बेण्यातला नव्हे. म्हणजे तो बापाकडून मुलाला रक्तातून येत नाही, आणि कुणाच्या पापाने किंवा करणीनेही होत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक तुषारांबरोबर जंतू हवेत जातात. बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात. शेजारी झोपलेल्याच्या श्वासातून ते त्याच्या छातीत जातात. मोकळ्या हवेत मात्र ते पांगतात आणि उन्हात मरतात. तेव्हा धोका उघड्या फडात कमी आणि बुटक्या, चारी बाजूंनी झाकलेल्या कोपीत जास्त. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, हात लागल्याने टीबी होत नाही. म्हणून रोग्याचे ताट-वाटी वेगळे मांडण्यात काही अर्थ नाही.

जंतू छातीत गेला म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. जमिनीत तणाचे बी वर्षानुवर्षे पडून असते, ओल मिळाली की उगवते. तसेच हे आहे. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांत हा जंतू शिरलेला असतो, पण त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी रोग होतो. अंगातली ताकद कमी झाली की जंतूला ओल मिळते. पोटभर न मिळणे, अतिश्रम, दारू, विडी, मधुमेह, एचआयव्ही ही ती ओल.

आता औषध सहा महिने का? साधे जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास पूर्ण दिवस लागतो. काही तर झोपल्यासारखे पडून राहतात. औषधाचा मारा चालू असतो, पण झोपलेला जंतू त्यातून निसटतो. हरळीचे तसेच असते. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसते, पण काशा खाली शिल्लक असतात. पहिल्या पावसाला पुन्हा हिरवी. औषधाने दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस म्हणतो, "मी बरा झालो की!" तिथेच तो फसतो. वरचे तण गेलेले असते, काशा तशाच असतात.

अर्धवट औषधाचा दुसरा धोका त्याहून वाईट. कीडनाशकाचा अपुरा फवारा मारला की अळी पुढे त्या औषधाला जुमानत नाही, हे आपण कापसावर आणि तुरीवर पाहिले आहे. टीबीचा जंतूही तसाच निर्ढावतो. मग साध्या गोळ्या चालत नाहीत, वेगळी आणि जड औषधे घ्यावी लागतात. आणि तो निर्ढावलेला जंतू जसाच्या तसा शेजारच्याच्या छातीत जातो.

बोली कुठे अडते?

आपल्या जिल्ह्यात तुळजापूर, उमरगा, लोहारा या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. बाहेरूनही बंजारा टोळ्या येतात. त्यांची बोली गोरमाटी. तिला स्वतःची लिपी नाही, ती देवनागरीत लिहिता येते. मुकादम आणि टोळीतले पुरुष आपल्याशी मराठी बोलतात, म्हणून आपण धरून चालतो की सगळ्यांना मराठी येते. पण घरात आईला 'याडी' म्हणून हाक मारणारी सासुरवाशीण, म्हातारी माणसे, लहान पोरे, यांची बोलायची भाषा गोरमाटीच. उमरग्याकडे सीमेवर कानडी बोलणारी कुटुंबे आहेत, गावोगाव दखनी बोलणारी आहेत. दुखणे, भीती, लाज या गोष्टी माणूस आपल्या बोलीतच सांगतो.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशाची सरकारी भाषा इंग्रजी, पण खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांची बोली मांडिंका. तिथेही टीबी समजावायचा तर मांडिंकात समजवावा लागतो. पत्रक छापले म्हणजे काम झाले, असे कुठेच होत नाही.

आता अडचण पाहा. तपासणीसाठी दवाखान्यातून डबी मिळते आणि सांगतात, "थुंकीचा नमुना आणा." बाई घरी जाऊन तोंडातली थुंकी डबीत टाकते. तिने सांगितले तेच केले! पण तपासायला थुंकी नको असते, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा असतो. थुंकीत जंतू सापडत नाही, तपासणीत काही नाही असे येते, आणि रोगी रोग घेऊन परत फडात. तेव्हा सांगायचे ते असे: "सकाळी उठल्यावर चूळ भर. कोपीच्या बाहेर उघड्यावर जा. दोन-तीनदा खोल दम घे, मग छातीतून जोर लावून खोक, आणि जो घट्ट बेडका निघंल तो डबीत घे." गोरमाटीत बेडक्याला जो शब्द असेल तोच वापरायचा. तो आपण बनवायचा नाही, तांड्यातल्या जाणत्या बाईला विचारून घ्यायचा.

दुसरी अडचण लघवीची. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी-तांबडी होते. घामही थोडा रंगतो. हे आधी सांगितले नाही, तर माणूस म्हणतो, "गोळीनं रक्त पडाय लागलं," आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. एक वाक्य आधी सांगितले तर पूर्ण उपचार वाचतो: "रंग औषधाचा हाय, रक्त न्हवं. घाबरू नको."

तिसरी अडचण 'नियमित' या शब्दाची. नियमित म्हणजे किती? रोज, एकही खाडा न करता. 'खाडा' हा शब्द मात्र फडातल्या प्रत्येकाला कळतो. एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कसे कापले जातात, हे त्याला पक्के ठाऊक असते. "गोळीला खाडा नाही" एवढे म्हटले की पुरे.

आणि चौथी म्हणजे समजले की नाही, हे कसे ओळखायचे? "कळलं का?" असे विचारले की सगळेच मान हलवतात. त्याऐवजी म्हणावे, "आता तू तुझ्या घरवालीला काय सांगशील, ते मला सांग." ती व्यक्ती आपल्या बोलीत सांगू लागली की कुठे चुकले ते लगेच दिसते. शेजारी त्याच बोलीचा कुणीतरी बसलेला असावा, म्हणजे झाले.

बाहेरच्या डॉक्टरपेक्षा गावच्या बाईचे बोलणे जास्त उतरते, याचा अनुभव आपल्या आसपासच आहे. भूम-परांड्याच्या शेजारी जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या, कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, आणि त्या बायकांनी गावे बदलली. आपल्या जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. शब्द गावातला आणि तोंडही गावातले, हे त्या कामाचे मर्म होय. तांड्यात नायक, कारभारी आणि तांड्यातलीच आशाताई असेल, तर त्यांच्या तोंडून टीबीची गोष्ट जावी.

सहा महिने आणि हंगाम

टीबीच्या उपचाराचा काळ आणि आपल्या हंगामाचा काळ एकमेकांत अडकलेले आहेत. रोगी गावाकडे औषध सुरू करतो, दिवाळी होते, टोळी निघते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे, असा साधारण क्रम. तो मध्येच तुटतो. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातला एक पडला तर अर्धा कोयता राहतो आणि उचल फिटत नाही. म्हणून रोगी सांगत नाही, मुकादम विचारत नाही, आणि ज्याच्या उसात तो राबतो त्याला खबरच नसते. हे दोष देण्यासाठी आम्ही लिहीत नाही. पोटापुढे माणूस खोकला लपवतो, हे समजून घ्यावे म्हणून लिहितो.

यावर वाट आहे. आता प्रत्येक रोग्याची सरकारी नोंद होते आणि त्याला निक्षय क्रमांक मिळतो. तो क्रमांक घेऊन माणूस देशात कुठेही गेला, तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याचा उपचार पुढे चालू करता येतो. निघण्यापूर्वी गावच्या आरोग्य कर्मचाऱ्याला "अमुक ठिकाणी चाललो" एवढे सांगावे आणि औषधाचे कागद बरोबर ठेवावेत. तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रोग्याच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. एप्रिल २०१८ पासून ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. तपासणीही आता झटपट होते. गोव्यातल्या कंपनीने बनवलेले ट्रूनॅट नावाचे छोटे यंत्र एक-दोन तासांत जंतू आहे की नाही ते दाखवते, आणि तो मुख्य औषधाला निर्ढावला आहे का तेही त्यावर कळते.

योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत रोग्यापासून लागण होण्याचे प्रमाण खूपच घटते. म्हणजे औषध घेणारा माणूस आपल्याला धोक्याचा नाही. धोका आहे तो लपवून खोकणाऱ्याचा. रोग्याला हाकलले, तर पुढचा रोगी लपवणार. हे सरळ गणित आहे.

बागायतदाराच्या घरातही

टीबी हा फक्त कोपीतला रोग, असे कोणी समजू नये. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त असतो, आणि मधुमेह आता आपल्या घराघरांत आहे. साखर पिकवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. टीबी निघाला की रक्तातली साखर तपासावी, आणि मधुमेह्याला जुना खोकला असेल तर बेडका तपासावा. टीबी नखे आणि केस सोडून शरीरात कुठेही होतो. मानेच्या गाठी, मणक्याचे दुखणे, लहान मुलांत मेंदूचा ताप, ही त्याचीच रूपे असू शकतात. गाई-म्हशींतला एक टीबी कच्च्या दुधातून माणसात येतो, म्हणून दूध उकळूनच प्यावे.

कारखान्याच्या बगॅस यार्डात काम करणाऱ्यांना बुरशी लागलेल्या बगॅसच्या धुळीने वेगळाच छातीचा विकार होऊ शकतो. त्यातही खोकला, ताप, धाप असते. तेव्हा अंदाजाने "टीबीच असंल" किंवा "धूळच असंल" असे ठरवू नये. तपासणी करावी.

सभासदांनी काय करावे?

१) आपल्या रानात टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्राला किंवा आशाताईंना कळवावे, म्हणजे तपासणी कोप्यांवर होईल.

२) दोन आठवड्यांच्या वर कुणी खोकत असेल, खोकल्यात रक्त पडत असेल, रात्री घाम सुटत असेल, तर त्याला तपासणीला जाऊ द्यावे. त्या दिवसाचा खाडा धरू नये, असे मुकादमाला आपणच सांगावे. आपला शब्द तो ऐकतो.

३) कोप्या मोकळ्या, वाऱ्याच्या जागी पडू द्याव्यात, एकमेकींना चिकटून नकोत. खोकणाऱ्याने तोंडावर पदर किंवा शेला धरावा आणि झोपताना दाराच्या बाजूला झोपावे.

४) रोग्याच्या घरातल्या सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, तपासणी करून घ्यावी. रोग नसेल तरी होऊ नये म्हणून त्यांना डॉक्टर औषध देतात. जन्मतः बीसीजीची लस मुलांना गंभीर टीबीपासून राखते, पण मोठेपणी छातीचा टीबी होणारच नाही अशी हमी ती देत नाही.

५) औषधाने मळमळ होते, क्वचित डोळे पिवळे होतात किंवा अंधुक दिसते. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गरोदर बाईनेही डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. दारू मात्र पूर्ण बंद, कारण ती आणि औषध दोन्हींचा भार यकृतावर पडतो.

६) शंका असल्यास १८००-११-६६६६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, "मजूर दोन-चार महिन्यांचे, त्यांची काळजी आम्ही का करावी?" ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचतो, त्यांची ती काळजी आहे, हे एक. आणि हवेला बांध नसतो, हे दुसरे. कोपीतला खोकला आणि वाड्यातला खोकला एकाच शिवाराच्या हवेत मिसळतो. सहकार म्हणजे नुसता शेअर आणि भाव नव्हे. या हंगामात प्रत्येक सभासदाने आपल्या रानात उतरलेल्या टोळीशी, त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या बाईला मध्ये घेऊन, टीबीबद्दल एकदा बोलावे. तिला तिच्या बोलीतले शब्द विचारावेत आणि तेच वापरावेत. दहा मिनिटे लागतील, पण त्यातून एखाद्या कुटुंबाचा कोयता अर्धा व्हायचा वाचेल.